डझनभर माणसांचे गाव

लोकार्नो सोडले आणि बस वळणे घेत व्हेर्झास्काच्या खोऱ्यात शिरली. २२० मीटर उंचीचे धरण मागे पडले, जलाशयाचे हिरवे पाणी संपत आले आणि समोरच्या उतारावर कोरिप्पो दिसले. एकमेकांना बिलगलेली दगडी घरे, छपरेही दगडाचीच, मध्ये चर्चचा मनोरा. फाट्यावर उतरून मी चालत निघालो.

गावात सपाट जमीन औषधालाही नाही! शेती करायची ती उतारावर बांध घालून. तरी १८५० च्या सुमारास येथे जवळजवळ तीनशे माणसे नांदत होती. त्या शतकात तिचिनो प्रांतातले कितीतरी तरुण पोटासाठी कॅलिफोर्निया-ऑस्ट्रेलियाला गेले. पुढच्यांना खालच्या शहरांनी ओढले. अखेर कोरिप्पोत उरली डझनभर माणसे. स्वित्झर्लंडमधली ही सर्वांत लहान ग्रामपंचायत! १८ ऑक्टोबर २०२० रोजी ती शेजारच्या गावांसह व्हेर्झास्का या नव्या पंचायतीत विलीन झाली.

२०२२ मध्ये ओस पडलेल्या काही घरांत पाहुण्यांसाठी खोल्या उघडल्या. अशाच एका खोलीत मी राहिलो. रात्री खिडकीतून पाहिले, तर बहुतेक घरे अंधारात होती. पाहुण्याने घराला घरपण येत नाही, हे खरे. पण त्या रात्री गावात एक दिवा जास्त लागला, तो माझा होता.