त्वरित

२०२० साली आमच्या शाळेचा रबरी शिक्का बदलावा लागला. त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनापासून आमचा प्रदेश दमण-दीवशी जोडला गेला आणि त्याचं नाव झालं 'दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव'. तीन 'आणि' असलेलं हे नाव शिक्क्यात काही केल्या मावेना. शिक्केवाला गुजराती. तो वैतागून म्हणाला, "साहेब, एकाद 'अने' काढी नाखो ने!" मी म्हटलं, "बाबा रे, हे 'आणि' दिल्लीहून आले आहेत. ते काढणारा मी कोण?"

हा किस्सा मी पुष्कळदा सांगितला आहे आणि ऐकणारे पुष्कळदा हसले आहेत. पण सिल्वासात जवळजवळ तीस वर्षं मास्तरकी केल्यावर वाटतं की, या एवढ्याशा गावाचं सारं जगणंच लांबून ठरत आलं आहे. कधी दिल्लीत, कधी त्याहूनही पलीकडे. आपल्या हाती फक्त तो निर्णय दारापर्यंत पोचवण्याचं काम असतं. आणि ते काम मी एकदा कसं केलं, तेच आज सांगायचं आहे.

सुरुवात करतो ती २०२२ च्या पावसाळ्यापासून. किलवणी नाक्याजवळ चहा घेत उभा होतो. एक पोरगा जवळ आला, वाकून नमस्कार केला आणि एकदम म्हणाला, "सर, युक्रेन कुठे आहे?"

चेहरा ओळखीचा होता. खानवेलकडच्या एका पाड्यावरचा, आमच्याच शाळेतला. नुकतीच अठरा पुरी झालेली. सूत बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला होता. "तिथं लढाई चालू आहे म्हणून आमची तिसरी पाळी बंद केली," तो म्हणाला. "सुपरवायझर म्हणतो, माल महाग झाला. पण सर, लढाई तिथं, मग पाळी इथली कशी काय बंद?"

प्रश्न वर्गात विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. नाक्यावर उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. त्याच्या यंत्रावर जे सूत पीळ खाऊन, तापून फुगतं आणि मग साडीच्या, शर्टाच्या कापडात जातं, ते कापसाचं नाही. ते जमिनीखालच्या खनिज तेलाचं आहे. तेलापासून नाफ्था, नाफ्थ्यापासून रसायनं, रसायनांपासून पॉलिएस्टर, पॉलिएस्टरचं अर्धवट ताणलेलं सूत, आणि ते सूत ट्रकनं त्याच्या दारात. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाची फौज युक्रेनमध्ये घुसली आणि मार्चमध्ये तेलाचा भाव पिंपामागं सव्वाशे डॉलरच्या वर जाऊन आला. तिथं पिंप महागलं की इथं बॉबिन महागते. महागलेली बॉबिन सुरतेच्या विणकरानं घेतली नाही, की पाळी बंद.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे त्यांना आपण माहीतच नाही."

"नाही," मी म्हटलं.

"हां. मग ठीक आहे." आणि हसला. मला मात्र हसता आलं नाही. मुलगा हुशार होता. त्या वर्षी तो कारखान्याच्या फाटकात नव्हे, अकरावीच्या वर्गात असायला हवा होता. तो तिथवर का पोचला नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. ते सांगतोच, पण मी इतिहासाचा एम. ए., तेव्हा आधी थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राहवणार नाही. त्याचं कारण पुढं कळेल.

आमच्याकडे २ ऑगस्टला मुक्तिदिन साजरा होतो. १९५४ साली जुलैच्या उत्तरार्धात दादरा, मग नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांकडून मुक्त झालं. गायक-संगीतकार सुधीर फडके त्या लढ्यात स्वतः उतरले होते, हे इथल्या मराठी घरांना वेगळं सांगायला नको. मुलं दर वर्षी त्यावर भाषणं करतात. पण पुढचा भाग भाषणात कधी येत नाही. पोर्तुगालनं १९५५ च्या डिसेंबरात भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. आमच्या मुलखापर्यंत आमच्याच जमिनीवरून जायचा आपल्याला हक्क आहे, असा त्यांचा दावा. भारताच्या बाजूनं महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे होते, आणि न्यायाधीशांच्या मंडळात भारतानं नेमलेले म्हणून एम. सी. छागला बसले होते.

आणि खटल्याच्या मुळाशी काय होतं? मराठी कागद! पेशवाईतला १७७९ चा पुण्याचा तह, १७८३ आणि १७८५ च्या सनदा. बारा हजार रुपये वसुलाची गावं मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिली, ती कशी दिली? कायमची तोडून दिली, की नुसता वसूल खायला दिला? कागदांत शब्द होते जहागीर, सरंजाम. आपल्या घरांत हा शब्द आता लग्नाच्या सामानापुरता उरला आहे. दिवाळीत फराळाचे डबे मांडले की आमच्या सौ. म्हणतात, "केवढा हा सरंजाम!" पण हेगला जगभरचे न्यायाधीश त्या मराठी शब्दाचा अर्थ लावत बसले होते. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. पुढं इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची सत्ता मानली गेली, हेही म्हटलं. माणसांना आणि मालाला वाट होती, फौजेला आणि शस्त्रांना नव्हती. आणि १९५४ मध्ये भारतानं वाट अडवली त्यात भारताचं चुकलं नाही, असा एकूण निवाडा. ऑगस्ट १९६१ मध्ये आम्ही रीतसर भारतात आलो. पुढं केंद्रशासित म्हणून करसवलती आल्या, सवलतींमागून कारखाने आले आणि जिथं भात आणि नागली पिकत होती तिथं सूत पिकू लागलं.

या साऱ्यातलं मला काय भावतं? आमचा मुलूख कधी न पाहिलेल्या माणसांनीसुद्धा निर्णय देण्याआधी एकेका शब्दाजवळ थांबून विचारलं: याचा तिथं अर्थ काय होतो? सव्वाचार वर्षं घेतली, पण विचारलं.

आता माझी गोष्ट.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. शाळा फोनवर आली. शिक्षक घरातल्या कपाटाला फळा टेकवून धडे चित्रित करू लागले. मी मुख्याध्यापक या नात्यानं रोज आकडे घ्यायचो. किती मुलांपर्यंत धडा पोचला, किती वह्या परत आल्या. आकडे बरे होते. मला अभिमान वाटायचा.

१५ जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. २९ जूनला सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. ती बंदी योग्य की अयोग्य, हा वाद माझा नाही. देशाचं संरक्षण मुख्याध्यापकाला विचारून होत नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं, ते मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. छाती फुगवून मी सगळ्या वर्गांना संदेश धाडला: 'सर्व विद्यार्थ्यांनी व पालकांनी यादीतील ५९ अ‍ॅप्स आपल्या फोनमधून त्वरित काढून टाकावीत. शाळा याची खातरजमा करील.' 'त्वरित' हा शब्द मी मुद्दाम घातला. परिपत्रकाला वजन येतं त्यानं.

पहिला फटका आम्हालाच बसला. आमचे शिक्षक उत्तरपत्रिकांचे फोटो ज्या कॅमस्कॅनरनं गोळा करत, तेही यादीत निघालं. दोन दिवस धांदल उडाली, मग दुसरी सोय केली आणि मी विसरलो.

गणपती झाल्यावर आम्ही पुस्तकं वाटायला पाड्यांवर गेलो. खानवेलच्या पुढं एका पाड्यावर नववीतली एक मुलगी पुढं आली. तिला विचारलं, "धडे पोचतात ना गं?"

ती म्हणाली, "पाऊस लागल्यापासून नाही, सर."

हळूहळू उलगडा झाला. पाड्यावर रेंज नव्हती. तिचा भाऊ सिल्वासात कामाला. तो तिथं आठवड्याचे धडे फोनवर उतरवून घ्यायचा आणि शनिवारी घरी आला की शेअरइटनं बहिणीच्या फोनवर टाकायचा. त्याला नेट लागत नाही, फोनवरून फोनवर जातं. बहीण ते आणखी पाच मुलांना द्यायची. घर ते घर, टॉर्च घेऊन. अशी ती सहा जणांची शाळा माझ्या आकड्यांत कुठंच नव्हती, पण चालू होती. आणि शेअरइट त्या ५९ मध्ये होतं.

"मग दुसरं काही करायचं, मला कळवायचं," मी म्हटलं.

ती खाली बघत म्हणाली, "सर, तुम्हीच काढायला सांगितलं होतंत. तपासणार म्हणालात."

पुस्तकांचा गठ्ठा हातात तसाच राहिला. त्याच जागी बसून आमच्या तरुण शिक्षकानं तिला ब्लूटूथनं फाइल पाठवायला शिकवलं. संथ, पण जातं. दहा मिनिटं लागली. जे काम दहा मिनिटांचं होतं, त्यासाठी आठ आठवडे गेले होते. सहांपैकी पाच मुलं पुन्हा अभ्यासाला लागली. सहावा तोवर मामाबरोबर वापीला बिगारीकामाला गेला होता. शाळा उघडल्यावरही तो आला नाही. मी दोनदा निरोप धाडला, दोनदा तो कामावर होता. हाच तो नाक्यावरचा मुलगा.

तर त्या दिवशी "त्यांना आपण माहीतच नाही" असं तो म्हणाला, तेव्हा मला माझंच परिपत्रक आठवलं. युक्रेनच्या लढाईला तो माहीत नव्हता, हे एक वेळ समजू शकतं. गलवानला माहीत नव्हता, दिल्लीला नव्हता. पण मला? माझ्या तर हजेरीपटावर त्याचं नाव होतं.

मी त्याला म्हटलं, "पाळी बंद आहे ना? चल शाळेत, नकाशा दाखवतो." भिंतीवरच्या जगाच्या नकाशात युक्रेन दाखवलं. त्यानं बोट ठेवलं आणि दुसरं बोट गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवर फिरवत म्हणाला, "आपलं सिल्वासा?" एवढ्या नकाशात ते कुठलं असायला? मी पेन्सिलीनं एक ठिपका काढला. मग त्याला सगळं सांगितलं. परिपत्रक, शेअरइट, सगळं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मला वाटलं, शाळाच बंद झाली."

राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा दहावीचा फॉर्म आम्ही दोघांनी मिळून भरला. मराठीसकट तीन विषय सुटले आहेत. गणित आणि विज्ञान अजून अडून बसलेत. पाळी बदलली की तो संध्याकाळी माझ्या घरी येतो, न आला तर मी फोन करतो. दर वेळी तो उचलतोच असं नाही.

जगातल्या लढाया आणि यंत्रं आपल्या दारात येणारच. ती अडवणं कुणा हेडमास्तरच्या हाती नाही. पण आपण जे शेवटचे दहा पावलं ती पोचवतो, तेवढी तरी डोळे उघडे ठेवून चालावीत. आता कुठलाही आदेश पुढं धाडण्याआधी मी तो शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवतो आणि विचारतो, यानं कुणाचं काही तुटतं का? उत्तर यायला कधी दोन दिवस लागतात. लागू देत.

'त्वरित' हा शब्द मात्र मी तेव्हापासून लिहिलेला नाही.