आमच्या मोटारीचे दिवे

शिक्षकाच्या दारांत मोटार असणें ही पूर्वीं मोठी चैन समजली जात असे. आज तसा समज राहिलेला नाहीं. तरी आमची मोटार चैनीच्या सदरांत मुळींच मोडत नाहीं. ती आम्हीं जुनी विकत घेतली, व चिंचणीच्या समुद्रकांठच्या उन्हांत, छपराविना, ती आमच्या अंगणांत उभी असते. तीनचार वर्षांत तिचे पुढचे दोन्ही दिवे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांप्रमाणें पिवळट व धुरकट झाले. "काका, गाडी अगदीं म्हातारी दिसते," असें आमचा पुतण्या एके दिवशीं म्हणाला. तें आमच्या मनास लागलें. कारण आमच्या केसांनींहि त्याच सुमारास रंग बदलण्यास आरंभ केला होता.

हे दिवे पिवळे कां पडतात, हें विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे. पूर्वीं मोटारीच्या दिव्यांस कांच असे. १९५३ सालीं जर्मनींत हेर्मान श्नेल व अमेरिकेंत डॅनियल फॉक्स या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें पॉलिकार्बोनेट नांवाचें पारदर्शक प्लास्टिक शोधून काढिलें. तें हलकें, सहसा न फुटणारें व हव्या त्या आकारांत ओततां येणारें असल्यामुळें १९८० नंतर मोटारींच्या दिव्यांत कांचेची जागा हळूहळू त्यानें घेतली. परंतु सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण त्यास सोसत नाहींत. म्हणून कारखान्यांत त्यावर एक पातळ संरक्षक लेप देतात. ऊन, धूळ व वाळू यांनीं तो लेप झिजला, म्हणजे खालचें प्लास्टिक पिवळें पडूं लागतें.

नाताळच्या सुटींत काका-पुतण्यांनीं काम हातीं घेतलें. प्रथम दिवे साबणाच्या पाण्यानें धुतले, व भोंवतालच्या रंगावर ओरखडे पडूं नयेत म्हणून त्यावर कागदी चिकटपट्टी लाविली. मग ८०० नंबरचा वॉटर पेपर भिजवून घासण्यास सुरुवात केली. पुढें १५००, २००० व शेवटीं ३००० नंबरचा घेतला. दर वेळीं घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधींचे ओरखडे गेले कीं नाहींत तें कळतें. पहिल्या घासणीनें दिवे अधिकच पांढुरके दिसूं लागले व आमचा धीर सुटूं लागला. परंतु शेवटीं पॉलिश चोळतांच ते नव्यासारखे निघाले. कित्येकजण नुसती टूथपेस्ट चोळून समाधान मानतात. तिच्यांतील बारीक पूड वरचा पिवळेपणा काढते खरी; पण संरक्षक लेप पुन्हां न दिल्यास कांहीं महिन्यांतच दिवे पूर्ववत् होतात. आम्हीं तसा लेप आणून दिला. येथेंच थांबावयास हवें होतें.

परंतु आम्हीं थांबलों नाहीं. पुतण्या म्हणाला, "काका, एवढें केलेंच आहे, तर वरून काळसर फिल्म लावूं. गाडी कशी झोकांत दिसेल!" फिल्म लाविली, तों उजेड मंदावला. ती उणीव भरून काढण्यासाठीं आंत निळसर प्रखर एलईडी बसविले. साधेपणावर आम्ही वर्गांत पुष्कळ बोललों आहों. त्या दिवशीं त्यांतील एक वाक्यहि आठवलें नाहीं. संध्याकाळीं आळींतील मुलांनीं गाडीभोंवतीं जमून वाहवा केली, आणि ती आम्हांस गोड लागली, हें येथें कबूल करितों.

त्याच आठवड्यांत एका रात्रीं वाणगांव स्टेशनावरून पाहुण्यांस घेऊन आम्ही परतत होतों. समोरून एक सायकलस्वार येत होता. आम्हांस तो दुरून स्वच्छ दिसत होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतों. एकाएकीं त्यानें एक हात डोळ्यांवर धरिला, सायकल डगमगली, व तो कडेच्या चरांत गेला. उतरून पाहतों तों आमच्याच एका विद्यार्थ्याचे वडील! आमच्या भागांत दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर पुष्कळ आहेत, हे त्यांपैकींच. त्यांचें मनगट मुरगळलें होतें. आम्ही क्षमा मागूं लागलों, तों तेच संकोचून म्हणाले, "सर, तुम्ही होतां होय? मला पुढचें कांहींच दिसेना, म्हणून सायकल खालीं घेतली." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. पुढें आठ दिवस त्यांच्यानें हातांत हत्यार धरवलें नाहीं.

दोष कोठें होता? हॅलोजन दिव्याची आंतील चकचकीत वाटी बल्बमधील तारेची नेमकी जागा धरून घडविलेली असते. तेथें निराळ्या घडणीचा बल्ब बसविला, कीं किरण रस्त्यावर पडावयाचे ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनाच्या मूळ घडणींत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई करितें. १९८९ च्या केंद्रीय नियमांत तर मापच दिलें आहे : ८ मीटरांवर उभ्या असलेल्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसास पुढच्या दिव्यानें दिपवूं नये. हा नियम वाचतांना तो माणूस आपण पाहिलेला आहे, असें आम्हांस वाटलें.

दुसऱ्याच दिवशीं फिल्म सोलून काढिली व पूर्वींचे ६०/५५ वॅटचे हॅलोजन बल्ब परत बसविले. सपाट जागीं भिंतीसमोर मोटार उभी करून खालचा झोत दिव्याच्या उंचीहून कांहींसा खालीं पडेल असा जुळविला. सायकल दुरुस्त करून दिली. बुडालेली मजुरी मात्र त्या गृहस्थांनीं आग्रह करूनहि घेतली नाहीं. त्यांचा मुलगा आमच्या वर्गांत पहिल्या बांकावर बसतो. वडिलांच्या हाताविषयीं त्यानें आपण होऊन एक अक्षर काढिलें नाहीं. आम्हींच विचारिलें, तेव्हां "आतां बरा आहे, सर," एवढेंच तो म्हणाला.

आमचे वडील सांगत कीं, १९७१ च्या युद्धांत मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवीत असत. फेरफार तोहि होता. पण तो सर्वांच्या जिवासाठीं होता, आमचा केवळ मिरविण्यासाठीं.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळजण लवकरच वाहन चालवूं लागाल. दिवे अवश्य स्वच्छ ठेवा. त्यासाठीं घरच्या घरीं हात काळे करण्यांत कमीपणा नाहीं. मात्र ते चांगले झाले कीं नाहींत, हें आंत बसून ठरवूं नका. गाडी उभी करा, खालीं उतरा, आठ पावलें पुढें जाऊन समोरून येणाऱ्याच्या जागीं उभे राहा, आणि मग ठरवा.