सुरतेतील एक जुनी मोटार

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहते ती १६६४ ची आणि १६७० ची स्वारी. शाळेच्या इतिहासात ती दोन पाने इतकी ठसठशीत असतात, की त्यानंतर मराठी माणूस आणि सुरत यांचा काही संबंध उरला असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. वस्तुतः तो संबंध पुढेच अधिक जिव्हाळ्याचा झाला. मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते. दुर्गाराम मेहताजींसारख्या गुजराती सुधारकांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी १८४४ साली येथेच मानवधर्म सभेची स्थापना केली. शिक्षकी पेशातील माणसास तरी हे शहर या नात्याने आपले वाटावे. आणि आजची गोष्ट सांगायची, तर उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतून हिंडताना आपण जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत तर आलो नाही ना, असा भास होतो. यंत्रमागांच्या मागे मागे तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे येथे स्थिरावली आहेत.

गेल्या हिवाळ्यात सुरतेस आठ दिवस राहण्याचा योग आला. पोंकाचे दिवस होते. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा कोवळा हुरडा; सुरतकर तो शेवेबरोबर खातात. ज्यांच्याकडे उतरलो ते माझ्या एका स्नेह्यांचे थोरले बंधू. तीन पिढ्यांपासून घराणे सुरतेत. घरात मराठी, अंगणात गुजराती आणि हिशेब मात्र दोन्ही भाषांत, अशी रीत. तापीकाठच्या जुन्या वस्तीत त्यांचे लाकडी खांबांचे घर आहे. त्या घराच्या तळमजल्यावरील वखारीवजा खोलीत १९७४ पासून एक मोटार उभी होती, आणि मी पोहोचलो तेव्हा ती पुन्हा रस्त्यावर येण्याच्या बेतात होती.

मोटार साधी नव्हे. एम.जी. या इंग्रजी कंपनीची, टीडी नावाची, दोनच माणसांची, उघड्या टपाची क्रीडामोटार. १९५० ते १९५३ या काळात अशा सुमारे तीस हजार गाड्या इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे तयार झाल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेस गेल्या. यंत्र अवघे साडेबाराशे सी.सी.चे आणि चोपन्न अश्वशक्तीचे. आजची घरगुती मोटारही तिला सहज मागे टाकील. परंतु लांबलचक बॉनेट, पंखांसारखे वळलेले मडगार्ड आणि मागे उभी बसविलेली पेट्रोलची टाकी असे तिचे रूप पाहिले, की वेगाचा विचार मनात येत नाही. संस्थानिकांच्या मोटारींच्या कथा आपण ऐकतो. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची, इंग्लंडातील गर्नी नटिंग यांच्याकडून सांगाडा चढवून घेतलेली ड्यूझनबर्ग तर जगप्रसिद्ध आहे. ही मोटार मात्र तशी राजेशाही नव्हे. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून आमच्या यजमानांच्या वडिलांनी ती १९५८ साली मुंबईत जुनी म्हणून विकत घेतली आणि स्वतः चालवीत सुरतेस आणली. तेव्हा सुरतही मुंबई राज्यातच होती.

अशी मोटार सोळा वर्षे वापरून बंद का पडली, याचे उत्तर देशाच्या इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरविले, की देशात मोटारी खरोखर बनवितील त्यांनाच उत्तेजन द्यावयाचे. केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना नव्हे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये मुंबईतील आपला जोडणीचा कारखाना बंद केला तो यामुळेच. आयातीवर बंधने आल्यावर परदेशी गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. त्यात १९७३ साली जगभर तेलाचे संकट आले आणि पेट्रोलचे दर भडकले. १९७४ च्या पावसाळ्यात ब्रेकचे एक रबरी वायसर फाटले, ते मिळेना, म्हणून मोटार खोलीत लोटली गेली, ती अठ्ठेचाळीस वर्षे तेथेच राहिली.

मध्यंतरी तिच्यावर एक मोठे गंडांतर आले. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. १९६८ चा पूर पाहिलेली वडीलधारी माणसेही धरण झाल्यावर असे काही होईल, या कल्पनेत नव्हती. तळमजल्यात पुरुषभर पाणी चढले. ओसरल्यावर मोटारीच्या बैठकीत वीतभर गाळ होता. "त्या वेळी माणसांचे आणि धान्याचे पाहायचे, की मोटारीचे?" असे यजमान म्हणाले, आणि ते खरेच आहे. गाळ उपसला गेला, इतकेच.

पुढे घर पाडून तेथे सदनिका बांधण्याचा विषय निघाला. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. त्याच सुमारास घरातील सूनबाईंना देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत मोटारीचे नोंदणीपुस्तक सापडले. ते माडीवर असल्यामुळे पुरातून वाचले होते. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले होते. पूर्वी नोंदलेल्या वाहनास आपला मूळ क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदणाऱ्यास 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस वीस हजार आणि पुनर्नोंदणीस पाच हजार रुपये शुल्क असून मुदत दहा वर्षांची. मात्र असे वाहन रोजच्या वापरासाठी नव्हे. प्रदर्शन, जुन्या मोटारींच्या फेऱ्या, इंधन भरणे वा दुरुस्ती, एवढ्यासाठीच ते रस्त्यावर आणावयाचे. शिवाय वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे, त्याची चासी, सांगाडा वा यंत्र यांत फेरफार नसावा, ही मुख्य अट.

परंतु पुस्तकावर नाव दिवंगत वडिलांचे. म्हणजे सर्व वारसांची संमती हवी. वारस दोघे: आमचे यजमान आणि पुण्यास स्थायिक झालेले त्यांचे धाकटे बंधू, माझे स्नेही. घराच्या वाटणीवरून दोघांत नऊ वर्षे बोलणे नव्हते. सूनबाईंनीच पुण्यास कागद पाठविला. तो सही होऊन परत आला; सोबत एक ओळ होती: 'रंग लालच ठेवावा.'

ती ओळ वाचून यजमान बरेच दिवस अस्वस्थ होते. मोटार सुरतेस आली तेव्हा हिरवी होती. ते बारा वर्षांचे होते आणि वडिलांच्या शेजारी बसून मुंबईहून आले होते. १९६८ च्या पुरानंतर वडिलांनी तिला लाल रंग दिला. त्या वेळी हे भिलाईस नोकरीवर होते. लाल मोटारीतून शाळेत गेला तो धाकटा. कारखान्यातील मूळ रंग म्हणजे हिरवा, म्हणून हिरवाच द्यावा, असा त्यांचा आग्रह.

दुरुस्तीचे काम दोन वर्षे चालले. उधन्यातील ज्या कारखान्यात ते झाले तेथे मी दोन दुपारी बसून होतो. मालक मूळचे अमळनेर तालुक्यातील. अहिराणी वळणाची मराठी बोलतात. एरवी यंत्रमागांचे सुटे भाग लेथवर घडविणे हा त्यांचा व्यवसाय. ते म्हणाले, "सर, लोकांना वाटतं गाडी सुरू करायची म्हणजे बॅटरी लावायची अन् चावी फिरवायची. तसं केलं असतं तर त्याच दिवशी इंजिन गेलं असतं." त्यांनी प्रथम प्लग काढून चारही सिलिंडरांत तेल ओतले आणि तीन आठवडे वाट पाहिली. मग पुढचे हँडल लावून हाताने, अगदी कणाकणाने, यंत्र फिरविले. जाम झालेल्या रिंगा सुटल्या तेव्हा त्यांनी पेढे वाटले, असे कळले.

या यंत्राची एक गंमत त्यांनीच मला दाखविली. इंग्रजी गाडी, म्हणून बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची. पाना त्याच मापाचा लागतो. पण बोल्टावरचे आटे मात्र फ्रेंच, म्हणजे मेट्रिक! कारण हे यंत्र ज्या कारखान्यातून आले तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. पुढे मॉरिस कंपनीने तो घेतला, पण आटे पाडणारी यंत्रे तीच राहिली. असा बोल्ट बाजारात कोठून मिळणार? खानदेशी टर्नरांनी तो सुरतेत लेथवर पाडला. विजेचेही तसेच उलटे. आज मोटारीत बॅटरीची ऋण बाजू सांगाड्यास जोडतात. या गाडीत धन बाजू जोडलेली. नकळत आजच्या रीतीने जोडणी झाली असती, तर डायनमो वाया गेला असता.

सर्वांत बिकट प्रश्न लाकडाचा होता. या मोटारीचा पत्रा ठोकलेला असतो तो लाकडी चौकटीवर. मूळ लाकूड इंग्लंडातील ॲश जातीचे. लवचीक. पुराचे पाणी आणि वाळवी यांनी ते पोखरले होते. ॲश परदेशातून मागवावे, की डांगच्या जंगलातील सागवान वापरावे? सागास वाळवी सहसा लागत नाही, आणि वलसाडी सागाची ख्याती आपण सारे जाणतो. पण तो ॲशसारखा लवत नाही. शेवटी जेथे चौकट वाकते तेथे मागविलेले ॲश आणि जेथे केवळ भार पेलावयाचा तेथे साग, असा मध्यममार्ग सुताराने काढला. प्रत्येक तुकड्याचे माप जुन्यावरूनच घेतले, म्हणजे आकारात तसूभरही बदल नको.

हे पाहताना मला सुरतेचा किल्ला आठवला. सोळाव्या शतकातील हा किल्ला महानगरपालिकेने अलीकडे दुरुस्त करून लोकांस खुला केला आहे. त्याने गुजरातचे सुलतान पाहिले, मुघल पाहिले, इंग्रज पाहिले, आणि मग कितीएक वर्षे त्यात सरकारी कचेऱ्या होत्या. अशा वास्तूची डागडुजी करावयाची ती कोणत्या वर्षापर्यंत मागे जाऊन? जुनी वस्तू जपणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो. पहिले रूपच खरे मानावे, तर नंतर ज्यांनी ती वापरली त्यांचे आयुष्य खरवडून टाकावे लागते.

यजमानांनी काय ठरविले, ते मी कारखान्यात जाऊनच पाहिले. मोटार लाल होती. बॉनेट उघडले तेव्हा आतल्या बाजूस, जेथे १९६८ मध्ये रंगाऱ्याचा हात पोहोचला नव्हता, तेथे तळहाताएवढा हिरवा तुकडा तसाच राखलेला दिसला. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "त्याने सही केली ना? मग रंग त्याचा."

चाचणीसाठी एका रविवारी भल्या पहाटे मोटार डुमसच्या रस्त्याला काढण्याचे ठरले. माझे स्नेही आदल्या रात्री पुण्याहून आले. जेवताना हवापाण्यापलीकडे बोलणे झाले नाही. मोटारीत जागा दोघांपुरतीच. थोरल्यांची दृष्टी अधू झालेली, म्हणून चालविण्यास धाकटे बसले. आम्ही मागून दुसऱ्या गाडीतून निघालो. पिपलोदच्या अलीकडे पुढच्या नळीतून वाफ येऊ लागली, आणि वीस मिनिटे रस्त्याकडेला थांबावे लागले. यंत्र निवल्यावर पाणी घातले. पुन्हा निघताना थोरले म्हणाले, "अरे, क्लच हळू सोड. बाबा कसे सोडायचे?" त्यावर धाकटे म्हणाले, "दादा, तुला काय माहीत? शेवटची सहा वर्षं मीच बसायचो शेजारी." दोघेही हसले. नऊ वर्षांनंतरचे ते पहिले घरगुती बोलणे असावे.

डुमसला काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर टोमॅटोची भजी खाल्ली. मोटारीभोवती पोरे जमली. एकाने पुढचे अष्टकोनी चिन्ह ओळखून विचारले, "अंकल, आ तो हालोलवाळी एमजी ने?" त्याचेही चुकले नव्हते. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद पडला; पुढे ते नाव चिनी कंपनीकडे गेले आणि २०१९ पासून त्या नावाच्या गाड्या बडोद्यापलीकडे हालोल येथे तयार होऊ लागल्या. ज्या कंपनीने १९५४ साली मुंबईतून गाशा गुंडाळला होता, त्या जनरल मोटर्सचाच हालोलचा हा कारखाना. अशी ही फिरती चाके.

घराच्या वाटणीचा प्रश्न मात्र आहे तेथेच आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो मोटारीने सुटणारा नव्हे. तथापि पुनर्नोंदणीच्या कागदावर नाव कुणाचे घालावे, याविषयी दोघे भाऊ परतताना एकमेकांस आग्रह करीत होते, हे मी ऐकले.

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या घराघरांतून माळ्यावर, वखारीत, जिन्याखाली अशा कितीतरी वस्तू पडून असतील: मोटार नसेल, तर शिवणयंत्र, हार्मोनियम, एखादी सायकल. घर पाडण्याआधी आणि भंगारवाल्यास हाक मारण्याआधी घरातील जुन्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात, आणि दूर गेलेल्या भावंडांस एक पत्र टाकावे. कागद सापडले तर उत्तमच. न सापडले, तरी पत्राला उत्तर येण्याचा संभव असतो.