तीन महिन्यांचं ऑनसाइट

‘ऑनसाइट’ हा शब्द ऑफिसात नुसता उच्चारला तरी काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कुणाला तीन महिन्यांचं शॉर्ट टर्म मिळालं की आधी पार्टी उकळली जाते. घरून लाडू-चिवड्याचे डबे येतात. आणि तो बिचारा ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांनी परत आला की तेच सगळे विचारतात, ‘काय रे, एक्स्टेंशन नाही मिळालं?’ जणू काही त्याला तिकडून हाकलूनच दिलंय!

असंच एक शॉर्ट टर्म कोल्हापूरच्या एका मुलानंही केलंय. फक्त लॅपटॉपऐवजी स्टड्स घेऊन. नाव, अनिकेत जाधव. जन्म जुलै २०००. पोझिशन, फॉरवर्ड. वडील रिक्षाचालक.

कोल्हापूर म्हटलं की आपल्याला तांबडा-पांढरा आठवतो, फार तर कुस्ती. पण पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असा सामना शाहू स्टेडियमवर असला की अर्ध्या शहराचं लक्ष तिकडेच असतं. पेठेपेठेची टीम, पेठेपेठेची खुन्नस. अशा गावातला हा पोरगा लहान वयातच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. तिथून पुणे एफसीची अकॅडमी आणि मग थेट भारताची अंडर-१७ टीम. ६ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर भारत पहिल्यांदाच कुठल्याही फिफा वर्ल्ड कपमध्ये खेळला, तेव्हा अमेरिकेविरुद्ध फॉरवर्ड लाइनला हा होता. आपण ०-३ हरलो. कोलंबियाशी १-२, घानाशी ०-४. तिन्ही मॅचेस गेल्या. पण त्याच नोव्हेंबरात या पोरांची इंडियन अॅरोज ही टीम आय-लीगमध्ये उतरली आणि पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला तिनं ३-० हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे.

आणि मग आलं ब्लॅकबर्न. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा इंग्लिश क्लब २०१० पासून चक्क पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा आहे. ज्यांचे चिकन नगेट्स आपण रविवारी तळतो, तेच हे वेंकीज. तिथे अनिकेतला तीन महिन्यांचं ट्रेनिंग मिळालं. ट्रेनिंग, कॉन्ट्रॅक्ट नव्हे. ते संपलं, तो परत आला आणि २०१९ मध्ये जमशेदपूर एफसीकडून आयएसएल खेळायला लागला.

एवढीच गोष्ट. मी ती माझ्या भाच्याला सांगितली आणि पंचाईत झाली.

माझं माहेर मारेगावचं. यवतमाळ जिल्हा, वणीच्या अलीकडे. कापूस, सोयाबीन आणि रस्त्यावर वणीकडच्या कोळशाचे ट्रक. मी बारावीनंतर मास कॉम करायला पुण्याला आले ती इकडेच राहिले. ताई मात्र तिथेच दिली. तिचा मुलगा सहावीत आहे, अकरा वर्षांचा, आणि सध्या त्याच्या डोक्यात फुटबॉलशिवाय काहीही नाही. गावात टेनिस बॉल क्रिकेटला माणसं मिळतात, कबड्डीला मिळतात. याच्या फुटबॉलला मिळत नाहीत. मग दोन दगडांचा गोल आणि समोर शेजारची दोन बारकी पोरं. बॉल सारखा तुऱ्हाट्यांत जातो.

गेल्या दिवाळीत त्याचे पीटीचे सर ताईला म्हणाले, याला प्रबोधिनीच्या टेस्टला पाठवा. झालं. घरात दोन पार्ट्या पडल्या. भाऊजी म्हणाले, ‘पाठवू ना, शिकू दे पोट्ट्याले.’ ताई म्हणाली, ‘अकरा वर्साचं लेकरू हॉस्टेलात? तापला तं कोन पाह्यन त्याले?’ आणि मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. ‘तू पेपरात लिहितंस नं, सांग मंग. यात काई फ्यूचर हाय का?’

पेपरात लिहिणाऱ्या माणसाला जगातल्या सगळ्याच गोष्टींचं फ्यूचर ठाऊक असतं, असा आमच्याकडे समज आहे. ज्या पोरीचा लेखाचा चेक तीन-तीन महिने येत नाही, तिला फ्यूचर विचारायचं! पण त्यावेळी मी जोशात अनिकेतची स्टोरी सांगितली. रिक्षावाल्याचा मुलगा, वर्ल्ड कप, इंग्लंड. भाऊजींचे डोळे चमकले. भाचा मात्र थेट मुद्द्यावर आला.

‘मावशी, मंग तो तीन महिन्यात काहून वापस आला?’

खरं सांगू? मुलाखती घेताना मलाही इतका नेमका प्रश्न सुचत नाही. पुण्याला परतल्यावर मी त्याचं उत्तर शोधत बसले.

पहिलं कारण अगदी आपल्या ओळखीचं, व्हिसा. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला वर्क परमिट द्यायचं की नाही, यात त्याच्या देशाचं फिफा रँकिंग बघतात. २००९ मध्ये सुनील छेत्रीला लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊ केलं होतं. परमिट नाकारलं गेलं, कारण भारत पहिल्या सत्तरात नव्हता. आपलं आजवरचं बेस्ट रँकिंग ९४, तेही १९९६ मधलं. म्हणजे तुमचा परफॉर्मन्स कितीही भारी असो, अप्रेझलमध्ये मार्क अख्ख्या कंपनीला मिळणार! दुसरं कारण वय. अठरा वर्षांच्या आत एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर करायला फिफाची, थोडे अपवाद सोडले तर, बंदी आहे. तिकडची मुलं आठव्या-नवव्या वर्षापासून क्लबच्या अकॅडमीत घडतात. आपला मुलगा तिथे पोचतो तेव्हा त्यांची दहा वर्षं खेळून झालेली असतात.

आणि परत येणारा अनिकेत काही पहिला नाही. १९३६ मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिककडून पायाला पट्ट्या बांधून, अनवाणी खेळला. लोक बघत राहिले. दोन सामन्यांनंतर तो परत आला, घरची आठवण येत होती म्हणून. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला, परत आला. छेत्री २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीला आणि २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या बी टीमकडे गेला, दोन्हीकडून परतला, आणि तरीही भारतासाठी सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर आहेत. आपल्या शेजारच्या गोव्याचा रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये थेट ब्राझीलला गेला, अॅटलेटिको पॅरानेन्सेकडून मैदानातही उतरला. तोही त्याच वर्षी परत एफसी गोवाकडे.

ही यादी बघितली आणि माझ्या लक्षात आलं, आपण ‘परत आला’ हे शब्दच चुकीच्या सुरात म्हणतो. अनिकेतचं करिअर ब्लॅकबर्नला संपलं नाही. मार्च २०२२ मध्ये हैदराबाद एफसीनं आयएसएल जिंकली, त्या टीममध्ये तो होता. पुढे ईस्ट बंगाल, मग ओडिशा. म्हणजे विशीतच त्याच्या बायोडेटावर आपल्यासारखीच जॉब स्विचेसची लाइन लागलीय. परदेश ही त्यातली एक ओळ आहे. महत्त्वाची, पण एकच.

अर्थात इकडची नोकरीही काही पर्मनंट नाही. अनिकेत ज्या अकॅडमीत घडला, तो पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. आणि २०२५ मध्ये तर फुटबॉल फेडरेशन आणि त्यांचे कमर्शियल पार्टनर यांच्यातल्या कराराचं घोडं अडलं, आयएसएलचा सीझन ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. देशातले टॉपचे प्लेअर्स कामावर कधी जायचं याची वाट बघत बसले. आपल्याकडे याला ‘बेंचवर असणं’ म्हणतात. फरक इतकाच की फॉरवर्डची बत्तिशी उलटली की त्याला बेंच म्हणजे रिटायरमेंटच वाटायला लागते.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. चांगलं आणि वाईट, दोन्ही. म्हटलं, ‘ताई, इंग्लंड विसर. प्रश्न इंग्लंडचा नाहीच. प्रबोधिनीत शाळा सुटत नाही, तिथे रोज नीट मैदान मिळेल, बावीस पोरं मिळतील, शिकवायला कोच मिळेल. त्याला आत्ता तेवढंच पाहिजे.’

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तू गेलती तवा आई आठ दिवस नीट जेवली नव्हती. माहीत हाय तुले?’

मला माहीत नव्हतं. दहा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

‘मंग मी काय करू?’ मी विचारलं.

‘काई नाही. दर रविवारी त्याले भेटाले जाशीन का, ते सांग.’

जाईन म्हटलं. त्याचं सिलेक्शन होईल की नाही, कुणाला ठाऊक. उंची, वजन, तीस मीटर स्प्रिंट, शटल रन, आठशे मीटर, अशा टेस्ट्स असतात आणि राज्यभरातून पोरं येतात. सध्या भाऊजी मोबाइलमध्ये टाइम लावून त्याला पहाटे पांदणीनं पळवतात. आणि भाच्यानं मला त्याचा प्लॅन सांगून ठेवलाय, ‘मी वापस आलो नं मावशी, तरी चालते. पन पयले जाऊ तं द्या.’