मोगूबाईंचं तप



आपल्याकडे तप म्हटलं की आधी उपवासच आठवतात. दशलक्षण पर्वात कुणी दहा उपवास केले की आपण पारण्याला जातो, तिचं कौतुक करतो, आणि ते करायलाच हवं. पण तपाचे प्रकार बारा. त्यातले सहा आतले, आणि विनय व स्वाध्याय हे त्या आतल्यांत येतात. दरवर्षी प्रवचनात ऐकतो, घरी येईपर्यंत विसरतो. मला ते पुन्हा आठवलं मोगूबाई कुर्डीकरांमुळे. लोक त्यांना 'गानतपस्विनी' म्हणत.

बहुतेकींना त्या किशोरी आमोणकरांच्या आई म्हणून माहीत असतात. किशोरीताई मोठ्याच, पण मला ही ओळख अपुरी वाटते.

मोगूबाईंचा जन्म 15 जुलै 1904 चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. (ते गाव आता साळावली धरणाखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पडक्या भिंती वर येतात आणि जुने गावकरी भेटायला जमतात.) मुलीनं मोठी गायिका व्हावं हा आईचा, जयश्रीबाईंचा, ध्यास. त्यासाठी त्यांनी तिला नाटकमंडळीत घातलं. मोगू दहा वर्षांची असतानाच आई गेली. त्या वयात आपली मुलं वेणी घालून दे म्हणून मागे लागतात. ही मुलगी नाटकात कामं करत होती.

पुढचा भाग आम्हा सांगलीकरांच्या जिव्हाळ्याचा. नाटकमंडळीमुळे त्या सांगलीत आल्या. त्याच सुमारास जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ औषधोपचारासाठी सांगलीत राहिले होते. जाता-येता त्यांच्या कानावर हिचा रियाज पडला आणि ते आपणहून शिकवायला आले. हे कोण, एवढे मोठे, हे मोगूबाईंना आधी माहीतही नव्हतं म्हणतात. गुरू दारात चालत आला, असं आपण सहज म्हणून जातो. पण दारातून ऐकू जाईल असा रियाज घरात चालू होता, म्हणून तो आला.

मात्र सुख टिकलं नाही. खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाई मागोमाग गेल्या, तर तिथे दुसऱ्या शिष्यांचा विरोध, आणि तालीम बंद. मग त्या आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँकडे शिकल्या, अल्लादियाखाँचे भाऊ हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या. खाँसाहेबांचा रीतसर गंडा त्यांना 1934 मध्ये बांधला गेला. तोवर लग्न झालेलं, पदरात मूल. तिशीच्या बाईनं पुन्हा शिष्य होऊन खाली बसायचं, हा विनयच नव्हे का?

1939 मध्ये पती माधवदास भाटिया गेले. मागे तीन लहान मुलं, थोरली किशोरी सात-आठ वर्षांची. मी बी.कॉम. झालेली, मला जमाखर्च आधी दिसतो. इथे जमेच्या बाजूला काय? गाणं, शिकवण्या आणि मैफली. बस. त्या काळी गाणाऱ्या बाईला मान किती मिळायचा तेही किशोरीताईंनी सांगून ठेवलंय. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरायचं, बिदागीतही कमीपणा. मागे तानपुरा घेऊन बसलेली मुलगी हे सगळं पाहत होती. पुढे किशोरीताई मैफलीच्या अटींबाबत फार कडक होत्या, त्यांना लोक तऱ्हेवाईक म्हणत. मी तसं म्हणणार नाही. आईचा अपमान पाहिलेल्या मुलीनं स्वतःचा दर ठरवला, एवढंच.

आणि या सगळ्या ओढाताणीत मोगूबाईंची तालीम सुरूच होती, 1946 मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत. म्हणजे वयाच्या 42 व्या वर्षापर्यंत ही बाई विद्यार्थिनी! सकाळचा स्वयंपाक, मुलांची शाळा, पोटासाठी शिकवण्या, आणि वर स्वतःचा पाठ.

शिकवताना त्या स्थायी-अंतरा दोनदाच म्हणायच्या, तिसऱ्यांदा नाही. लक्ष तिथेच हवं. लेकीलाही सूट नव्हती. किशोरीताई 1964 च्या 'गीत गाया पत्थरों ने' चित्रपटासाठी गायल्या, तेव्हा सिनेमात गाणार असशील तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही, असं माईंनी बजावलं होतं. मला हे जरा कठोर वाटतं. पण ते तानपुरे सांभाळायला त्या बाईनं काय मोजलं होतं, ते तिलाच ठाऊक.

त्यांची लयीवरची हुकमत जाणकार वाखाणतात. मी त्रितालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजत बसते, त्या मात्र किती वळणं घेऊनही बिनचूक समेवर येतात. माझा ताळेबंद एवढा कधी जुळला नाही! संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना 1968 मध्ये मिळाला, पद्मभूषण 1974 मध्ये. 10 फेब्रुवारी 2001 ला त्या गेल्या, 96 वर्षांच्या होऊन.

हे सगळं लिहायचं कारण घरातलंच. नात जूनपासून दहावीला. गाण्याचा क्लास वर्षभर बंद ठेवू, असं मुलाचं म्हणणं. सून गप्प, कारण तिचाही क्लास असाच लग्नाआधी 'थोडे दिवस' बंद झालेला. आपल्या मंडळात स्तवनाला गोड आवाज लावणाऱ्या कितीतरी जणी आहेत, विचारा त्यांना, किती शिकलात? बहुतेक जणी म्हणतील, दोन-तीन परीक्षा, मग राहिलं.

मी मुलाला म्हटलं, आठवड्यातले दोन दिवस, एकेक तास, एवढंच ठेवू. रोजचा अर्धा तास रियाज पहाटे, माझ्या सामायिकाच्या वेळी. उठवायची जबाबदारी माझी, क्लासची फीही माझ्या खात्यातून. तो अजून हो म्हणालेला नाही. सुनेनं मात्र काल माळ्यावरून स्वतःची पेटी खाली काढली. भाता फाटलाय, दुरुस्तीला टाकायची आहे.