ज्यांनी मला म्हातारपण मोजायला शिकवलं

वृद्धांच्या आरोग्याचं काम मी देशात केलं, देशाबाहेरही केलं. फिजिओथेरपी मुंबईत शिकले, पाहण्या कशा करायच्या ते पुढे जाणत्या प्राध्यापकांकडून शिकले. त्यांचे उपकार आहेतच. पण ज्या समजुतीच्या बळावर मी आजवर काम करत आले, ती मला ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मिळाली. ती देणाऱ्यांत पहिला मान डोळखांबच्या पुढच्या एका ठाकरवाडीतल्या आजींचा. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांच्या ओसरीवर मी राहिले, त्यांच्या चुलीवरची नाचणीची भाकरी खाल्ली आणि त्यांनी सांगितलेलं वहीत उतरवून घेत गेले. हे ऋण कुठेतरी लिहून ठेवायला हवं, असं फार दिवस मनात होतं.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ म्हटलं की शहरं आणि कारखाने डोळ्यांपुढे येतात. शहापूर आणि मुरबाड मात्र सह्याद्रीला टेकलेले. एका अंगाला माहुली आणि कसारा, दुसऱ्या अंगाला सिद्धगड आणि माळशेज. वस्ती ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी यांची. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा इथून जातो आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघावी लागते. टँकर विहिरीत पाणी ओतून जातो. ते शेंदून घरी आणणारं माणूस पुष्कळदा साठीच्या पुढचं असतं, कारण तरुण माणसं तेव्हा वीटभट्टीवर असतात. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबं भट्ट्यांकडे निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. म्हाताऱ्यांची काळजी कोण घेणार, असा प्रश्न शहरात विचारला जातो. इथे सहा-सात महिने सगळं घर त्यांच्याच जिवावर उभं असतं.

आजींच्या वाडीत आम्ही वृद्धांच्या पाहणीला गेलो, तेव्हा आमच्या हातातल्या प्रश्नावलीचं मूळ अमेरिकेतलं होतं. सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा गोष्टींची मोजपट्टी मांडली: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणं. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार यांची दुसरी पट्टी केली. जगभर याच दोन पट्ट्यांवर वृद्धांचं स्वावलंबन मोजलं जातं. आपल्याकडच्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक लोकांना भेटून माहिती घेतली गेली, त्यातही याच धर्तीचे प्रश्न होते. दोन्ही पट्ट्यांविषयी मला आदर आहे. त्यांच्यामुळे म्हातारपण हे नुसत्या आजारांच्या नावांतून बाहेर आलं.

आजींनी सगळ्या प्रश्नांना 'व्हय, करते की' म्हणून सांगितलं. फोन तेवढा नातू लावून द्यायचा. कागदावर त्या पूर्ण धडधाकट ठरल्या. मी वही मिटत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं? मोळीचं नाय इचारलंस, बाय."

मग त्याच सांगत गेल्या. डोंगरावरून मोळी घेऊन उतरताना त्या पोरींच्याही पुढे असायच्या. आदल्या वर्षी उतारावर गुडघा लटपटला. तेव्हापासून अर्धीच मोळी, तीही खालच्या रानातली. पूर्वी डोक्यावर दोन हंडे असायचे, आता एकच कळशी. भाताच्या लावणीत ओणव्याने दिवस काढायच्या, आता बांधावर बसून रोपांच्या जुड्या पुढे करतात. जमिनीवर बसलं की उठताना हात टेकावा लागतो, आणि त्यांच्या घरात तर बसणं, जेवणं, निवडणं, दळणं सगळं जमिनीवरच. आमच्या चाचणीत खुर्चीतून पाच वेळा उठून उभं राहायचं होतं. ती त्यांनी सहज केली, पण त्यासाठी खुर्ची आम्हाला अंगणवाडीतून मागून आणावी लागली होती.

सगळ्यात जास्त वेळ त्या बाजारावर बोलल्या. पहिल्या पावसात रानात शेवळं येतात, मग कुर्डू, टाकळा, भारंगी, कंटोली. भाज्यांची पाटी घेऊन त्या कल्याणला जायच्या: पाड्यावरून डांबरी सडकेपर्यंत पायी, पुढे जीप नाहीतर एसटी, मग आसनगावहून लोकल. या एका खेपेत काय काय लागतं ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. पायात चालण्याची ताकद लागते. डब्यात पाटी चढवायला दंड लागतात. नोट ओळखायला नजर लागते, गिऱ्हाइकाचं बोलणं कळायला कान लागतात, सुट्ट्या पैशांचा हिशेब ठेवायला डोकं ठिकाणावर लागतं. आणि लघवी धरून ठेवावी लागते. बाजारात बायकांना जायला जागा नसते, म्हणून त्या दिवशी सकाळपासून त्या पाणी पीत नव्हत्या. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला, पण त्यांनी ते टाळलं नाही. "ह्ये लिव," म्हणाल्या. मी लिहिलं. पुढे वृद्ध बायकांच्या मूत्रमार्गाच्या तक्रारींविषयी जिथे जिथे काम केलं, तिथे पहिला प्रश्न बाजाराच्या दिवसाचा विचारत आले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या केली, तिचा गाभा असा की माणसाला जे करण्यात मोल वाटतं ते करत राहता येणं म्हणजे आरोग्य. त्यात शरीराची आणि मनाची ताकद येते, भोवतालची परिस्थितीही येते. आजींचा कल्याणचा बाजार हे त्या व्याख्येचं मला माहीत असलेलं सर्वांत पूर्ण उदाहरण आहे. अजून शिकवताना मी तेच देते.

त्या वाडीच्या आशा सेविकेचंही, आशाताईंचंही, देणं आहे. पाहणी पौष-माघात करण्याची पद्धत होती, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात. आशाताई म्हणाल्या, "आषाढ-श्रावणात या आणि मग वजन करा." घरातलं भात तोवर संपत आलेलं असतं, मजुरी लावणीपुरती मिळते, आणि ताटात वाढताना म्हाताऱ्या बाया आधी नातवंडांना वाढतात. आम्ही श्रावणात पुन्हा वजनं घेतली. आशाताई बरोबर होत्या.

मुरबाडकडचं ऋण वेगळं आहे, ते वय ठरवण्याविषयीचं. टोकावड्याच्या बाजूला राहणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, त्यांनी ते काम माझ्याकडून करून घेतलं. या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधार कार्डांवर १ जानेवारी ही जन्मतारीख इतक्यांदा दिसते की पाड्यावर सगळे एकाच दिवशी जन्मले असं वाटावं. वर्षही अंदाजाने घातलेलं. आणि श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाला ६५ वर्षं पूर्ण असावी लागतात. एक म्हातारे गृहस्थ कार्डावर ५९ वर्षांचे होते. त्यांचा थोरला मुलगा पन्नाशीला आलेला. एका कार्यालयाने त्यांना कार्डावरचं वय दाखवून परत पाठवलं होतं, आणि त्यांनी ते निमूट मान्य केलं होतं. गुरुजींना ते सहन झालं नाही.

गुरुजींनी घटनांची यादी करायला घेतली. सिद्धगडच्या जंगलात २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या स्वातंत्र्यसैनिकांना पोलिसांनी मारलं. मुरबाड तालुक्यात ही तारीख आजही पाळली जाते, दरवर्षी सिद्धगडावर माणसं जमतात. मग गांधीजींची हत्या, १९४८. मग १९७२ चा दुष्काळ, खडी फोडण्याची कामं आणि सुकडी. मग धरणांची कामं, गावात वीज आली ते साल, पहिली एसटी, शाळेची इमारत. त्यांच्यामध्ये गुरुजींनी प्रत्येक पाड्याच्या आपापल्या आठवणी बसवल्या: म्हशाच्या यात्रेतून कोणत्या साली बैलजोडी आणली, कोणत्या पावसाळ्यात ओढ्याचा लोंढा घरात शिरला. ते गृहस्थ म्हणाले, कोतवालांना मारलं तेव्हा पोलीस पाड्यावर आले होते, आईने मला कणगीमागे लपवलं होतं. म्हणजे १९४३ मध्ये त्यांना कळत होतं, म्हणजे वय पंचाहत्तरीच्या आसपास. जन्मनोंद नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला योजनेत चालतो. गुरुजी यादी हातात घेऊन त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेले. दाखला मिळाला, निवृत्तिवेतन सुरू झालं. जुलै २०२३ पासून ती रक्कम महिना १,५०० रुपये झाली आहे. ती फार थोडी आहे, हे माझं स्पष्ट मत आहे.

घटनांवरून वय काढण्याची रीत लोकसंख्याशास्त्रात जुनी आहे, आशिया-आफ्रिकेतल्या पाहण्यांत ती वापरतात. मी ती पुस्तकात वाचली होती. पण एका माणसाचं वय खरं ठरलं की त्याच्या घरात काय बदलतं, ते गुरुजींच्या मागे चालताना बघितलं. आजींच्या वाडीतही आम्ही त्याच पद्धतीने वयं काढली. त्याचा उपयोग पुढे अनपेक्षित ठिकाणी झाला: ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि आजींच्या हातात दुरुस्त झालेलं कार्ड होतं.

फांगण्याला मला गुरुजीच घेऊन गेले. मुरबाड तालुक्यातल्या या छोट्या गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना, आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची तिला साथ. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून येतात. पोथी आपली आपण वाचावी, अंगठ्याऐवजी सही करावी, एवढं त्यांचं मागणं. जगभरच्या वार्ताहरांनी या शाळेवर लिहिलं. मला तिथे जे भेटलं ते वृद्धांच्या मानसिक आरोग्यावरच्या कुठल्याही परिषदेपेक्षा मोलाचं होतं: दुपारच्या ठरावीक वेळी घराबाहेर पडायला एक कारण, बरोबरीच्या मैत्रिणी, आणि सून किंवा नात घरी अभ्यास घेते तो तास. एकटेपणावर औषध शोधणाऱ्या प्रत्येकाने फांगण्याला जाऊन यावं, असं मी सांगत असते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचं दशक ठरवलं आहे. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला शंभराहून अधिक वर्षं लागली. आपल्यासारख्या देशांना एवढी सवड मिळणार नाही. २०५० पर्यंत भारतात दर पाच माणसांमागे एक साठीच्या पुढचा असेल, असा अंदाज आहे. हे आकडे मी सभांमध्ये सांगते आणि मनात त्या वेळी अर्धी मोळी असते.

पुढे कामाने मला घानाच्या उत्तर भागात नेलं. तिथल्या सहकाऱ्यांना मी आजींची यादी सांगितली आणि विनंती केली की आधी गावातल्या तीन-चार म्हाताऱ्या बायांना विचारू, त्यांच्या दिवसात काय काय येतं. त्या बायांनी पहिली गोष्ट सांगितली ती शियाच्या बिया वेचण्याची. शिया हे मोहाच्याच कुळातलं झाड. पहाटे रानात जाऊन बिया वेचायच्या, डोक्यावरून आणायच्या, उकडायच्या, वाळवायच्या आणि घुसळून तूप काढायचं. ज्या दिवशी घुसळणं जमेनासं झालं, त्या दिवसापासून त्या स्वतःला म्हाताऱ्या समजतात.

परत आल्यावर आजींना हे सांगायला गेले. आता गुडघ्यांमुळे त्या फारशा वाडीबाहेर पडत नाहीत, पण मोहाचं नाव निघताच सरसावून बसल्या. झाड केवढं, फुलं खातात का, बी कधी पडतं, सगळं विचारलं. तिथल्या म्हाताऱ्यांना पेन्शन मिळते का, तेही विचारलं. २००८ पासून तिथे गरीब घरांसाठी 'लीप' नावाची योजना आहे आणि तिच्यात पासष्टीपुढची माणसंही येतात, असं सांगितलं तेव्हा समाधानाने मान हलवली. मग म्हणाल्या, "आन् तुपाचा भाव कोन ठरवतो? त्या का येपारी?"

ते मी विचारलं नव्हतं. "मंग फुडच्या खेपंला इचारून ये," म्हणाल्या.

पुढच्या खेपेला विचारलं. त्या दिवशी दुसरा कुठलाच प्रश्न पुढे सरकला नाही, इतकं त्या बायांना या एका गोष्टीवर बोलायचं होतं. तिथल्या सहकाऱ्यांनी तो प्रश्न प्रश्नावलीत घातला आहे, आणि इकडच्या प्रश्नावलीत शेवळांच्या भावाचा मी घातला आहे.