जांभ्याचे सडे, तेव्हा आणि आता

रोह्याहून चणेऱ्याच्या बाजूला निघालं की भातखाचरं मागे पडतात आणि सपाट माथ्याचे डोंगर दिसू लागतात. वर जांभ्याचं जाड कवच आणि त्यावर पावसाळ्यापुरतं उगवणारं गवत. हे आमचे सडे. मुरूडपर्यंत आणि पुढे श्रीवर्धनपर्यंत ते असेच पसरले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ओसाड वाटतात. माझं मात्र ऐन उमेदीचं आयुष्य या सड्यांवर गेलं. जमिनीखाली कोणता धातू आहे हे माती, ओढ्याची वाळू आणि दगड यांच्या रसायनावरून ओळखायचं, हा आमचा पेशा. भूरासायनिक शोध असं त्याचं भारदस्त नाव. गावात विचारलं तर लोक सांगायचे, "ते होय? ते माती गोळा करणारे साहेब."

भूशास्त्राची पदवी घेऊन सत्तरच्या दशकात या कामाला लागलो, तेव्हा जिल्हा कुलाबा होता. त्याचा रायगड झाला १ जानेवारी १९८१ रोजी. रेल्वे अजून रोह्यापर्यंत आली नव्हती. पेणला एसटी पकडायची, वडखळ, नागोठणे, कोलाड करत रोह्याला उतरायचं आणि तिथून दिवसातून एखाद-दुसरी जाणारी गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर पायी. दसरा झाला, गवत वाळायला लागलं की हंगाम सुरू व्हायचा आणि वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत चालायचा. मुक्काम कधी शाळेच्या पडवीत, कधी देवळाच्या सभामंडपात. सामान ठरलेलं: टोपोशीट, ब्रंटन कंपास, हातोडा, भिंग, चाळण्या, कापडी पिशव्यांचा गठ्ठा आणि शाई पुसली जाऊ नये म्हणून पेन्सिलीने लिहिलेली लेबलं.

शोध मुख्यतः बॉक्साइटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाचा. हे खनिज इथे कसं आलं, हे समजलं की सड्याकडे बघण्याची नजरच बदलते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि आपला काळा कातळ तयार झाला. त्यात ॲल्युमिना असतो शंभरात तेरा-चौदा भाग. पुढे लक्षावधी वर्षं उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांनी तो कातळ कुजवला. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेलं, बरीचशी सिलिकाही गेली. मागे उरलं ते लोह आणि ॲल्युमिनियम. लोह जास्त राहिलं तिथे तांबडा जांभा झाला. पाण्याचा निचरा चांगला होऊन लोहही निघून गेलं, तिथे बॉक्साइट. म्हणजे जो पाऊस आपल्या छपरांवर कोसळतो, त्यानेच हे खनिज घडवलं. सिरिल फॉक्स यांनी भारतातल्या बॉक्साइटवरचा आपला प्रबंध भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लिहिला तो १९२३ साली. नव्या उमेदवाराच्या हाती वरिष्ठ आधी तो प्रबंध द्यायचे आणि मग हातोडा.

बॉक्साइट हातात घेऊन ओळखायचं शिकावं लागे. जांभा फोडला की आत तांबडी-पिवळी जाळी दिसते आणि हाताला वजन लागतं. बॉक्साइटचा तेवढाच तुकडा हलका भरतो. रंग फिकट, कधी गुलाबीसर, कधी दुधी. अंगावर मोहरीपासून वाटाण्यापर्यंतचे गोल दाणे. तोंडाजवळ धरून त्यावर उच्छ्वास सोडला की ओल्या मातीचा वास येतो. पण डोळ्यांवर आणि नाकावर खाण उघडता येत नाही. म्हणून सड्यावर ठरावीक अंतरावर खड्डे घ्यायचे. गावातलीच माणसं पहार-कुदळ घेऊन जांभ्याचं कवच फोडायची, खड्डा खाली जाईल तसा दर मीटरचा नमुना वेगळा काढायचा. तो फोडून बारीक करायचा, ताडपत्रीवर शंकूसारखा ढीग रचायचा, वरून दाबून चपटा करायचा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत मणभर दगडातून किलोभर माती उरायची, तीही मूळ खड्ड्याचा खरा वानवळा असेल अशी. या कामात कोणी घाई केली की वरिष्ठ सगळा ढीग पुन्हा घालायला लावायचे.

दुसरं काम ओढ्यांचं. हॉक्स आणि वेब यांचं या विषयावरचं पुस्तक १९६२ सालचं, आमच्या पिढीचं पाठ्यपुस्तकच. त्याचं मूळ सूत्र साधं आहे. डोंगरात कुठेही धातू असेल तर पाऊस त्याचा कण न् कण ओढ्यात आणतो, तेव्हा अख्खा डोंगर खणण्याआधी ओढ्याला विचारा. आम्ही ओढ्याच्या पात्रातला बारीक गाळ घ्यायचो, सुकवून ऐंशी नंबरच्या चाळणीतून चाळायचो. त्यावर लोहचुंबक फिरवला की काळे कण मिशा फुटल्यासारखे उभे राहायचे. ते मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या कातळाचीच देणगी. मग काचेच्या नळीत चिमूटभर गाळ, त्यावर रसायन आणि वर डायथायझोनचं हिरवं द्रावण. नळी हलवायची आणि उन्हाकडे धरून बघायची. हिरवा रंग राहिला तर तांबं, शिसं, जस्त नगण्य. जांभळ्या-गुलाबी छटा उमटल्या तर वहीत खूण करायची आणि त्याच ओढ्याने वर चढत जायचं, रंग गडद होतो की फिका हे बघत.

पण रंग दिसला म्हणून हुरळून जायचं नाही, हे पहिल्याच हंगामात मनावर ठसवलं जाई. दख्खनच्या कातळात तांबं मुळातच दर दहा लाख भागांत शंभराच्या पुढे सहज असतं. ग्रॅनाइटच्या मुलखात एवढं तांबं म्हणजे बातमी, इथे तो रोजचा भाव. सायबेरियात अशाच लाव्हारसाच्या प्रदेशात नोरिल्स्कला निकेल-तांब्याचे प्रचंड साठे सापडले, म्हणून आपल्याकडेही काहीतरी असेल ही आशा आमच्या पिढीने उराशी बाळगली. महाराष्ट्राचं तांबं मात्र विदर्भातल्या जुन्या खडकांत निघालं आणि क्रोमाइट कणकवलीकडे. आमच्या सड्यांनी दिला तो बॉक्साइटच.

नमुने गोणीत भरून प्रयोगशाळेकडे पाठवले की वाट बघण्याचे दिवस सुरू. तिथे एकेक नमुना प्लॅटिनमच्या मुशीत सोड्याबरोबर वितळवायचा, सिलिका गाळून, जाळून, तोलायची, ॲल्युमिना अनुमापनाने काढायचा. हाताने, तराजूवर, एकेक मूलद्रव्य. उत्तर यायला महिने लागत. कधी तर हंगाम संपून आम्ही घरी आल्यावर कळायचं की अमक्या सड्यावरचा चौथा खड्डा चांगला होता. तोवर तो पावसाने भरलेला असायचा.

त्या मधल्या काळात आमचा आधार होता तो वाडीवरच्या माणसांचा. सड्यावर गुरं घेऊन फिरणारे धनगर, ओढ्या-ओढ्यांतून मासे-खेकडे धरणारे कातकरी. आमच्याबरोबर येणारे एक कातकरी मामा सांगायचे, "सायेब, या अंगाला पाणी पौषातच आटतं, त्या अंगाला शिमग्यापर्यंत ऱ्हातं." हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं होतं, कारण त्यात अख्खं भूशास्त्र आहे. जांभा आणि बॉक्साइट सच्छिद्र, त्यातून पाऊस खाली झिरपतो. त्याखाली मऊ, पांढुरकी चिकणमाती, ती पाणी अडवते. या दोहोंच्या सांध्यावर झरा फुटतो. जिथे झरा जास्त दिवस टिकतो, तिथे वरचं कवच जाड असण्याचा संभव मोठा. मामांना ॲल्युमिनाची टक्केवारी ठाऊक नव्हती, पण सड्याच्या पोटात काय आहे हे त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं.

आजचं चित्र बघतो तेव्हा मला मनापासून आनंद होतो. जीपीएसमुळे खड्ड्याची जागा काही मीटरच्या फरकाने नक्की होते. आम्ही तीन शिखरांचे कोन घेऊन नकाशावर रेघा मारत बसायचो, त्या रेघा एका बिंदूत मिळेपर्यंत दुपार व्हायची. आता क्ष-किरणांचं हातात मावणारं यंत्र दगडाला टेकवलं की मिनिटा-दोन मिनिटांत लोह, टायटॅनियम, जस्त यांचे आकडे समोर. प्रयोगशाळेत तर वस्तुमान वर्णपटमापक दर अब्ज भागांतले आकडे काढतो, एकाच नमुन्यातून डझनावारी मूलद्रव्यांचे. या शतकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूरासायनिक नकाशांकन हाती घेतलं. दर चौरस किलोमीटरमधून ओढ्याचा गाळ घ्यायचा, चार नमुने एकत्र करून दोन किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटीचं उत्तर काढायचं, आणि असा सगळा देश. आमच्या वेळी हे स्वप्नात बोलायचीही सोय नव्हती.

मात्र यंत्राची मर्यादा नव्या मुलांना कुणीतरी सांगायला हवी. हातातल्या त्या यंत्राला लोह छान दिसतं, पण ॲल्युमिनियम हे हलकं मूलद्रव्य, त्याचा आकडा ओल्या, खडबडीत दगडावर भरवशाचा नसतो. बॉक्साइटमध्ये बांधलेलं पाणी तर त्याला मुळीच दिसत नाही. ते कळण्यासाठी आजही नमुना भट्टीत तापवून वजनातली घट मोजावी लागते. आणि ताडपत्रीवरचा तो शंकू, ते चार भाग, ते आजही तसंच करावं लागतं. नमुना चुकीच्या जागेचा असेल तर कितीही महागडं यंत्र चुकीचं उत्तर अगदी अचूक आकड्यांत देईल.

ओढेही आता पूर्वीचे राहिले नाहीत. तेव्हा गाळात जस्त दिसलं तर ते डोंगरातून आलं असं मानायला हरकत नसे. आज कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे, गावोगावी जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आहेत, रस्त्यावर टायर झिजतात, शेतात खतं पडतात. डोलवीच्या पोलाद कारखान्याचं लोहखनिज धरमतर खाडीतून बार्जने येतं. त्यामुळे नमुना वस्तीच्या वर, कारखान्याच्या वर, रस्त्याच्या वर घ्यावा लागतो, नाहीतर धातू डोंगराचा की माणसाचा हे कळत नाही. पण याच कारणाने आमची विद्या आज दुप्पट उपयोगाची झाली आहे. धातू कुठून आला हे ओढ्याला विचारत वर जायची जी पद्धत आम्ही खाणीसाठी शिकलो, तीच आता प्रदूषणाचा उगम शोधायला वापरता येते.

कायदाही बदलला. तेव्हा १९५७ चा खनिज कायदा आणि १९६० ची नियमावली, ज्याचा अर्ज आधी त्याला प्राधान्य. २०१५ च्या दुरुस्तीने लिलाव आला आणि खाणीच्या उत्पन्नातला वाटा बाधित भागासाठी खर्च करणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठानही आलं. मधल्या काळात १९८० चा वनसंवर्धन कायदा, १९८६ साली फणसाडचं अभयारण्य, २००६ चा वनहक्क कायदा. आम्ही सड्यावर खड्डा घ्यायचो तेव्हा पोलीस पाटलांना वर्दी दिली की काम सुरू. खालच्या झऱ्याचं काय होईल हे कुणी विचारत नसे आणि आमच्या अहवालात तसा रकानाही नसे. आज तो प्रश्न विचारला जातो, ही मला यंत्रांपेक्षाही मोठी प्रगती वाटते. कारण बॉक्साइट काढून नेलं की पाणी साठवणारा थरच जातो. मामांच्या त्या शिमग्यापर्यंतच्या पाण्याचा हिशेब ॲल्युमिन्याच्या टक्क्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

आणखी एक गोष्ट. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली. तिच्यात गॅलियम आहे, व्हॅनेडियम आहे, टायटॅनियम आहे. त्याच वर्षी चीनने गॅलियमच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि जगाला या धातूचं नाव ऐकू आलं. तो मिळतो मुख्यतः बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना, उपउत्पादन म्हणून. आमच्या काळात हे धातू कुणी मागितले नव्हते, म्हणून मोजलेही गेले नाहीत. जुन्या खड्ड्यांच्या नोंदी आणि नमुने जिथे जपले गेले असतील, तिथे आजच्या यंत्राने ते पुन्हा वाचता येतील, नव्याने एक कुदळही न मारता. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहितीचं संकेतस्थळ खुलं झालं. एकेकाळी कचेरीच्या लाकडी कपाटात बंद असलेली माहिती आता पेणच्या किंवा रोह्याच्या मुलाला घरबसल्या बघता येते.

म्हणून माझं मागणं दोघांकडे आहे. भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी संगणकावरचा नकाशा जरूर अभ्यासावा, पण एक अख्खा हंगाम सड्यावर काढावा, ओढ्यात वाकून गाळ चाळावा आणि वाडीवरच्या माणसांना पाण्याबद्दल विचारावं. आणि सड्यांच्या पायथ्याच्या गावांनी आपल्या शिवाराचे हे नकाशे मागून घ्यावेत, ग्रामसभेत मांडावेत, आपल्या झऱ्यांची नोंद तारखेनिशी ठेवावी. उद्या कुणी खाणीचा प्रस्ताव घेऊन आलं, तर गावाच्या हाती स्वतःची वही असली पाहिजे. आमच्या पिढीने सड्याच्या पोटातला धातू मोजला. त्याच सड्याचं पाणी मोजून ठेवण्याचं काम तुमचं आहे, आणि त्याला लागणारी साधनं आज तुमच्याजवळ आहेत.